पुढच्या चाकाचं टोपण

तात्यांनी आधी नंबरप्लेट वाचली. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात मोडक्या गाड्या एकीला एक टेकवून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांवर एकसारखी लाल धूळ बसली होती. मी रंगावरून शोधत होते, त्यामुळे मला काहीच सापडत नव्हतं. तात्या मात्र एकेका गाडीपाशी वाकून प्लेटवरची धूळ अंगठ्यानं पुसत पुढे चालले होते. माझ्या वडिलांची सगळी नोकरी कराड डेपोत एसटी चालवण्यात गेलेली. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी आधी नंबर, मग बाकीचं.

"एम-एच फिफ्टी, आर..." ते थांबले. अंगठा तिथंच राहिला. "हीच. हीच आपली."

ती माझ्या धाकट्या भावाची, धैर्यशीलची गाडी. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर ती घसरली आणि तो कठड्यावर आदळला. त्याचं दिवसकार्य उरकलं, सगळे कागद झाले आणि मग कुठे गाडी आमच्या ताब्यात मिळाली. आई म्हणाली होती, ती गाडी दारात आणू नका. तात्या म्हणाले, "पोराची वस्तू हाय, रस्त्यावर टाकून येऊ व्हय?"

गाडी टेम्पोत चढवायला मोहसीन आला होता. मोहसीन बागवान म्हणजे धैर्यशीलचा शाळेपासूनचा दोस्त. त्या दिवशी तो दुसऱ्या गाडीवर मागे होता आणि सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. तो आमच्या कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. गाडी मागून ढकलताना तो हँडलकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

हँडलवर काड्यापेटीएवढी एक काळी डबी बसवलेली होती. ती मी आणली होती.

त्याबद्दल सांगायला हवं. धैर्यशीलला सुट्टी मिळाली की तो घाटात. चिपळूण, गुहागर, कुठेही. मी कॉलेजच्या ऑफिसात कामाला, त्याच्यापेक्षा बरीच मोठी आणि काळजीच्या बाबतीत आईच्याही वरचढ. त्याला वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार करताना कॉलेजातल्या एका सरांनी हे सुचवलं. दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हवर साध्या टोपणांऐवजी दोन जाडसर टोपणं बसवायची. पुढचं टोपण पुढच्या चाकातली हवा मोजतं, मागचं मागच्या चाकातली, आणि दोन्ही आकडे हँडलवरच्या डबीवर दिसतात. हवा उतरली की डबी वाजते आणि ते चाक लाल होतं. धैर्यशील खूश झाला होता. "आक्का, आता तू मागं बसली नाहीस तरी चालंल," असं म्हणाला होता.

तर त्या डबीनंच घात केला, असं तात्यांचं म्हणणं होतं.

हे ते माझ्यावर ओरडून म्हणाले असते तर मी सोसलं असतं. तसे ते कधीच ओरडले नाहीत. भेटायला कुणी आलं की ओसरीवर बसून, बातमी सांगावी तसं सांगायचे. "यंत्रानं सांगितलं मागच्या चाकात हवा न्हाई. पोरांनी उतरून मागलं चाक तपासलं. हवा भरपूर! मग यंत्राव कोण इस्वास ठेवणार? खोटारडी वस्तू. पोरीनं हौसेनं आणली..." आणि इथे ते थांबायचे. पुढचं वाक्य आलेली माणसं मनातल्या मनात पुरं करायची आणि माझ्याकडे बघायची. आमच्या आत्या तर दर खेपेला बघायच्या. मी चहाचे कप गोळा करून आत जायची आणि बेसिनपाशी उभी राहून रडायची. मला तात्यांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची.

घडलं होतं ते असं. मोहसीननं अंत्यविधीच्या दिवशीच मला सांगितलं होतं आणि मग पुन्हा पुन्हा, कुणी विचारलं नाही तरी, सांगत राहिला.

"हेळवाकच्या पुढं चहाला थांबलो आक्का. डबी वाजाय लागली. मागचं चाक लाल. मी लाथ मारून बगितली, दगडासारखं कडक. तरी धैर्या म्हणला मोजून घेऊ. शेजारीच पंक्चरवाला हुता. त्यानं मोजली, पस्तीस. पुन्हा मोजली, पस्तीस. मग आमी हसाय लागलो." इथे तो तोंडावरून हात फिरवायचा. "धैर्या म्हणला, आक्कानं दिलेलं यंत्र आक्कासारखंच निघालं. काय नसताना काळजी करतंय. आन् मग त्ये वाजायचं थांबंना, म्हणून मीच बटन दाबून गप केलं. मीच केलं, आक्का."

घाटात धैर्यशील एकदा म्हणाला होता की हँडल जड लागतंय. मोहसीन म्हणाला, टाकीवर बॅग बांधलीस ना, म्हणून. मग ते वळण आलं.

अपघातानंतर पुढचा टायर पूर्ण बसलेला होता. पण आदळल्यावर टायर बसणारच, असं सगळे म्हणाले. त्यावर कुणी अधिक विचार केला नाही. मीही नाही.

माझा चुलतभाऊ संग्रामदादा साताऱ्यात वकील. तो येऊन म्हणाला, "काका, आपण कंपनीला सोडायचं नाही. सरळ ग्राहक मंचात जाऊ. डबी आणि दोन्ही टोपणं आहेत तशी गाडीवरच राहू द्या, कुणी हात लावू नका. रविवारी मी एक जाणकार माणूस घेऊन येतो, तो सगळं तपासून लिहून देईल."

तात्यांना त्या बोलण्यानं जरा धीर आला. कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले. रविवारची वाट बघायला त्यांना काहीतरी मिळालं होतं.

गाडी घरामागच्या पेरूच्या झाडाखाली लावली होती. आई त्या बाजूची खिडकी उघडत नसे. एका दुपारी तात्या आत आडवे झाले होते, तेव्हा मी ओला फडका घेऊन मागे गेले. निदान टाकीवरचा चिखल पुसावा, एवढंच मनात होतं. टाकीच्या उजव्या बाजूला काही डाग चिखलाचे नव्हते. ते पुसता पुसता गाडी हलली आणि हँडलवरची डबी जागी झाली.

टीटी, टीटी, टीटी.

मोहसीननं गप केलेली ती डबी टेम्पोतल्या आणि उतरवतानाच्या धक्क्यांत कधीतरी पुन्हा बोलती झाली असणार. पडद्यावर गाडीचं चित्र होतं. मागचं चाक लाल, आकडा शून्य. पुढचं चाक हिरवं, चौतीस.

मी खाली बघितलं. मागचं चाक गच्च भरलेलं होतं. बोटानं दाबलं, तर दबेना. पुढचं चाक रिमवर बसलं होतं, टायर खालून चपटा झालेला. पुन्हा पडदा बघितला. पुन्हा चाकं बघितली. मग मी खाली मातीत बसले.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. एका चाकात हवा नाही हे ते तेव्हाही सांगत होतं आणि आताही सांगत होतं. फक्त चाकं उलटी सांगत होतं, कारण टोपणंच उलटी बसली होती. पुढच्या टायरच्या खाचेत एक बारीक खिळ्याचं डोकंही होतं. बघणाऱ्याला दिसेल असं. आतापर्यंत कुणी बघितलंच नव्हतं.

"काय वाजलं गं, उर्मे?" आतून तात्यांचा आवाज आला.

"काही नाही तात्या. माझा मोबाईल."

आणि त्याच क्षणी मला ती निघायची सकाळ आठवली.

धैर्यशील कुठेही निघाला की त्याच्या गाडीत हवा भरायचा मान तात्यांचा. पंपावरच्या हवेवर त्यांचा विश्वास नव्हता. एसटीतून घरी आलेला एक पायपंप त्यांनी तेलपाणी करून जपला होता. त्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते दोन्ही चाकांची टोपणं काढून शर्टाच्या खिशात टाकत होते. ही त्यांची जुनी सवय. बसला सहा चाकं, सहा टोपणं, सगळी एकाच खिशात टाकायची म्हणजे मातीत हरवत नाहीत. हवा भरून झाली की खिशात हात घालायचा, हाताला येईल ते बसवायचं. बसचं कुठलंही टोपण कुठल्याही चाकाला चालतं.

"तात्या, ती साधी टोपणं न्हाईत हां," बॅग बांधता बांधता धैर्यशील म्हणाला होता.

"टोपण म्हंजे टोपण. त्याला काय शिंगं असत्यात?"

धैर्यशील हसला. मीही हसले. तात्यांनी दोन्ही चाकांत सारखी पस्तीस हवा भरली, बसच्या हिशेबानं, पुढं कमी मागं जास्त असला चोखंदळपणा त्यांना मान्य नव्हता. त्यामुळे डबीवर दोन्ही आकडे सारखेच आले आणि कुणाला काही कळलं नाही. मग तात्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही टायरांवर मूठ ठोकून आवाज ऐकला. "जा. बिनघोर जा," म्हणाले.

बिनघोर जा. हे शब्द मला त्या झाडाखाली बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आले.

रविवारी तो जाणकार येणार होता. गाडी जागेवरून हलवली की त्याला माझ्यासारखंच क्षणात कळणार होतं, आणि मग टोपणं कोणी काढली, कोणी बसवली, हा प्रश्न ओसरीवर, सगळ्यांसमोर विचारला जाणार होता. खरं बाहेर आलं तर मी सुटत होते. आत्यांच्या नजरेतून, त्या अर्ध्या वाक्यातून. मोहसीनही थोडा सुटत होता. खोटं का बोलू, काही क्षण मला ते हवंसं वाटलं. सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणावं की उर्मिलानं आणलेली वस्तू चांगली होती. पण मग तात्यांचं काय? सगळ्या नोकरीत एकाही माणसाला इजा न केल्याचं प्रशस्तिपत्र त्यांनी काचेत लावलं होतं. त्या माणसाला कुणी तोंडावर सांगायचं की पोरगा तुमच्या हातानं गेला?

संध्याकाळी मोहसीन आला. तो रोज यायचा, फाटकापाशी उभा राहायचा, आईला काही आणायचं का विचारायचा आणि आत न येता जायचा. मी त्याला फाटकापाशीच सगळं सांगितलं.

"म्हंजे ते खरं बोलत हुतं," तो म्हणाला. "आन् मी त्याचंच तोंड बंद केलं."

"तुला कसं कळणार होतं?"

"पुढचं चाक बी एकदा दाबून बगितलं असतं तर? हातभर लांब हुतं, आक्का." त्यानं डोळे बाहीनं पुसले. मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ. "तात्यांना सांगू नका. माझ्याव ऱ्हाऊ दे. मी तरणा हाय, मी काढीन कसंबी."

"माझ्यावरही राहू दे," मी म्हणाले.

आमचं ठरलं. रविवारच्या आत मी टोपणांची अदलाबदल करणार, पुढचं पुढं, मागचं मागं. मग जाणकाराला यंत्रात काहीच वावगं दिसणार नाही, केस उभी राहणार नाही आणि प्रकरण मिटेल. तात्या यंत्राला शिव्या देत राहतील, द्यायच्या तेवढ्या देऊ देत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून घरी आले. चप्पल काढून सरळ मागे गेले, तर पेरूखाली तात्या बसले होते. गाडीशेजारी, उकिडवे. डोळ्यांवर चष्मा होता. दोन्ही टोपणं काढून त्यांनी तळहातावर घेतली होती.

"संग्रामदादानं हात लावू नका म्हटलंय ना," मी म्हणाले.

"बघत हुतो नुस्तं." त्यांनी मान वर केली नाही. "उर्मे, जरा हिकडं ये. ह्येच्यावर काय लिवलंय बघ. आतल्या कडेला. मला लागंना."

त्यांनी एक टोपण पुढं केलं. मी ते हातात घेतलं. लहान, गार, नखाएवढ्या जागेत कोरलेलं एकच इंग्रजी अक्षर होतं. 'आर'. रिअर, म्हणजे मागच्या चाकाचं.

"हे कुठल्या चाकाचं काढलंत?" मी विचारलं.

"पुढल्या."

पेरूवर कुठलासा पक्षी ओरडत होता. तात्या माझ्याकडे बघत होते, आणि मी टोपणाकडे. मला आठवतं, मी ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू वाचता वाचता ते बदलेल.

"काही नाही तात्या," मी म्हणाले. "कंपनीची खूण आहे. दोन्हींवर तीच असते."

"व्हय?"

"हो."

ते माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग हात पुढे केला, मी टोपण त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बरं," ते म्हणाले. "जा, च्या टाक. आईला बी दे. सकाळपासनं तिनं काय घेतलं न्हाई."

मी आत गेले. बरं वाटत होतं, खरंच सांगते. निभावलं, असं वाटलं. म्हातारा वाचला. टोपणं काय, उद्या बदलता येतील.

पण दुसऱ्या दिवशी आई आजारी पडली आणि रविवारपर्यंत जमलं नाही. रविवारी सकाळी, दादा येण्याआधी, मी दूध तापवायला ठेवून मागे धावले. पुढच्या चाकाचं टोपण फिरवून काढलं आणि आतली कड बघितली.

'एफ'.

मागच्याचं काढलं. 'आर'.

दोन्ही आपापल्या जागी होती. मी गाडी जरा हलवून बघितली. डबी वाजली. पुढचं चाक लाल, शून्य. मागचं चाक हिरवं. अगदी बरोबर.

मी तिथं किती वेळ उभी राहिले कोण जाणे. आधी वाटलं, मोहसीन येऊन करून गेला असेल. पण मोहसीन त्या गाडीला हात लावायला धजावला नसता. मग तात्या? तात्यांनी चुकून बसवली, खिशातून हाताला येईल तशी, आणि या वेळी ती बरोबर बसली? तसंच असेल, असं मी मनाला सांगत होते. तेवढ्यात माझी नजर नंबरप्लेटवर गेली. धुळीतून पुसलेल्या तात्यांच्या अंगठ्याची खूण अजून तिथं होती, त्या अक्षराच्या बाजूला.

एम-एच फिफ्टी, आर.

सगळी हयात ज्यानं गाड्यांचे नंबर वाचले, डेपोत नोंदवले, स्टँडवर उभ्या उभ्या आम्हा पोरांना वाचायला शिकवले, त्या माणसाला 'आर' लागत नव्हता. चष्मा लावून. आणि मी त्याला कंपनीची खूण सांगितली. त्यांना अक्षर विचारायचं नव्हतंच. मला ठाऊक आहे का, ते त्यांना बघायचं होतं. त्याच्या आदल्या दुपारी वाजला तो मोबाईल नव्हता, हेही त्यांनी ओळखलं असणार. मग त्यांनी मला चहा टाकायला आत पाठवलं, आणि एकट्यानं आपल्या हातांनी ती दोन टोपणं ज्याच्या त्याच्या जागी बसवली.

दूध उतू गेलं. आईनं आतून हाक मारली.

संग्रामदादा जाणकार माणसाला घेऊन आला. आत्याही आल्या होत्या. दादा चपला काढतो न काढतो तोच तात्या ओसरीवरून म्हणाले, "संग्राम, बस. च्या घे. केस करायची न्हाई."

"म्हणजे? काका, तुम्हीच तर..."

"न्हाई करायची."

"अहो पण त्या यंत्रानं चुकीचं चाक दाखवलं! तुम्हीच सांगत होता, खोटारडी वस्तू म्हणून."

"मी चुकीचं सांगत हुतो," तात्या म्हणाले. त्यांनी सगळ्यांकडे बघून, आत्यांकडे बघून, सावकाश सांगितलं. "वस्तू चांगली हुती. माझ्या लेकीनं बघून आणलेली. तिच्यात खोट न्हवती. ह्यापुढं कुणी नाव घ्यायचं न्हाई तिचं."

इतके दिवस मला जे ऐकायचं होतं, ते सगळ्यांसमोर, शब्दाशब्दाला तेच, ते बोलले होते. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मला ते वाक्य परत द्यावंसं वाटलं. दादा म्हणाला, "मग काका, चूक कुणाची?" आणि तात्या उठले, अंगणात गेले, आणि ओसरीकडे पाठ करून उभे राहिले. आत्या पुटपुटल्या, दुःखानं बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी भंगारात गेली. पायपंपही त्यांनी त्याच टेम्पोत टाकला. मी विचारलं नाही.

आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. ना त्यांनी मला विचारलं, ना मी त्यांना. मोहसीनला मी सांगितलं, तेव्हा तो नुसता मान हलवत राहिला. अजून महिन्या-दोन महिन्यांनी येतो. आता आत येऊन बसतो.

तात्या आता थकलेत. माझ्याकडे स्कूटर आहे. सकाळी मी ऑफिसला निघाले की ते ओसरीच्या पायरीपर्यंत येतात आणि रोज एकच विचारतात, "हवा बघितलीस का?"

"बघितली तात्या."

"दोन्ही चाकांत?"

"दोन्ही चाकांत."

ते मान डोलावतात. पायरी उतरत नाहीत. मी फाटकातून वळून बघते, तेव्हा ते तिथंच उभे असतात, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून.